गोळ्यांचा वानोळा

नत्थूजींचा उजवा गुडघा बदलला, पण स्वभाव जुनाच राहिला, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

नत्थूजी कळमन्याच्या बाजारातले संत्र्या-मोसंबीचे अडते. उभं आयुष्य माल विकण्यात गेलं, पण जीव रमायचा तो वाटण्यात. घरात जे काही चांगलं येईल, त्यातलं ओंजळभर शेजारीपाजारी गेल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. याला आपल्याकडे वानोळा म्हणतात. शेतातून तुरीच्या शेंगा आल्या, पाठव वानोळा. शामलाबाईंनी जवसाची चटणी कुटली, पाठव वानोळा. एकदा तर घरात नवीन फिनेल आणलं, ते फरशीवर फार छान चाललं, म्हणून त्याचाही वानोळा बाटलीत भरून गल्लीत फिरला होता. वानोळ्याची दुसरी रीत अशी, की ज्या भांड्यातून तो येतो ते भांडं कोणी रिकामं परत करत नाही. त्यामुळे शामलाबाईंच्या स्टीलच्या डब्या वर्षभर गल्लीतून काहीतरी पोटात घेऊन फिरत असत.

ऑपरेशननंतर दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर गौरांग यांनी गोळ्यांची एक वेगळी पट्टी पुढं ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली. या गोळ्या साध्या नाहीत, असं म्हणून त्यांनी सगळं नीट समजावलं. साध्या गोळीनं भागलं नाही तरच घ्यायची, सांगितली तेवढीच आणि सांगितली तेव्हाच. झोपेच्या गोळीशी किंवा दारूशी गाठ पडू द्यायची नाही. घेतल्यावर गाडी चालवायची नाही. पोट साफ राहायला पाणी आणि इसबगोल चालू ठेवायचं. कुलपात ठेवायच्या, दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाहीत, आणि उरल्या तर घरात न ठेवता इथंच आणून द्यायच्या.

शामलाबाईंनी यातला शब्दन् शब्द ऐकला. नत्थूजी त्या वेळी फोनवर मोसंबीचा भाव पाडणाऱ्या एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. डॉक्टरांचं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "समजलं साहेब, एकदम समजलं."

घरी आल्यावर शामलाबाई ती पट्टी कपाटाच्या तिजोरीत ठेवायला निघाल्या, तर नत्थूजींना राग आला.

"अवं, मी काय लहान पोरगं आहे? माझा पाय, माझी गोळी. माझ्या उशाशी राहू दे."

"डॉक्टरनं कुलपात ठेवा म्हटलं."

"ते लहान पोरं असलेल्या घरासाठी असते. आपल्या घरात पोरगं कोण आहे?"

शामलाबाईंनी नवऱ्याकडं नीट बघितलं. पट्टी उशाजवळच्या खणात गेली.

गंमत अशी, की हट्टानं ठेवून घेतलेली ती गोळी नत्थूजी पहिले दोन दिवस घेईनातच. कोणीतरी फोनवर सांगितलं होतं, की अशा गोळीची सवय लागते. मग नत्थूजी दात आवळून छताकडं बघत पडून राहिले. झोप नाही, जेवण नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या भैरवीनं पायाला नुसता हात लावला, तरी ते असे ओरडायचे की समोरच्या घरातला कुत्रा उठून बसायचा. भैरवी ही समंजस मुलगी. ती रोज म्हणायची, "काका, वॉकर घेऊन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." आणि काका रोज म्हणायचे, "आज वारं सुटलं आहे, उद्या जाऊ." त्यांची मजल दिवाणापासून न्हाणीघरापर्यंतच होती.

शेवटी शामलाबाईंनी एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला धरला आणि त्या समोर उभ्या राहिल्या.

"घ्या. डॉक्टर काय तुमचा दुश्मन आहे?"

नत्थूजींनी गोळी घेतली. तासाभरानं ते उठून बसले, पोटभर जेवले आणि गुडघा थोडासा वाकवून बघितला. वाकला. त्यांनी पुन्हा वाकवला.

"शामला, काय चीज बनवली वं माणसानं!" त्यांचे डोळे भरून आले. "दुखणं आहे, पण दूर जाऊन बसलं. दिसून राहिलं, पण चावून नाही राहिलं."

शामलाबाईंना बरं वाटलं. पण चांगली चीज घरात आल्यावर नत्थूजींच्या मनात पुढं काय येतं, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं नाही. बायको कितीही हुशार असली तरी एखाद्या दिवशी तिलाही गाफील राहण्याचा हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आधी आल्या दोन घरं सोडून राहणाऱ्या अरुंधतीताई. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, शब्द तोलून बोलणाऱ्या. नत्थूजींच्या गुडघ्याची चौकशी झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "माझाही खांदा महिनाभर धरलाय. हात वर जात नाही."

आपला पाय सुखात आणि शेजारणीचा खांदा दुखतोय, हे नत्थूजींना बघवेना. शामलाबाईंनी ताईंसाठी जवसाच्या चटणीची डबी आणून दिवाणावर ठेवली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. नत्थूजींनी खण उघडला, कात्रीनं पट्टीतली एक गोळी चौकोनासह कापली, आणि चटणीवर ठेवून झाकण लावलं.

"ताई," ते कुजबुजले, "डबीत एक जालीम गोळी ठेवली आहे. घेऊन पाहा."

आता इथं एक सांगायला हवं. चाळीस वर्षं लिलावात बोली पुकारलेल्या माणसाला कुजबुजणं जमत नसतं. नत्थूजींचं हळू बोलणं म्हणजे इतरांचं भांडण. पण स्वतःचा आवाज स्वतःला कधी मोठा वाटला आहे?

त्यानंतर आले बाबाराव. हे बाजारातले दलाल, यांची कंबर गेलेली. त्यांनाही डबी, त्यांनाही गोळी. आणि शेवटी आले वामनराव.

वामनराव आणि नत्थूजी खाप्याच्या शाळेत एका बाकावर बसले, एकाच दिवशी कळमन्यात आले, आणि सुरुवातीला दोघं एकाच गाळ्यात पोत्यांवर झोपले. आता दोघांची घरंही एकाच गल्लीत, वामनरावांचं अगदी कोपऱ्यावरचं. त्यांचेही गुडघे कुरकुरत होते, पण डॉक्टरकडं जायला ते तयार नव्हते.

"मले नाही दाखवायचं कोणाले," वामनराव पाय चोळत म्हणाले. "डॉक्टरकडं गेलं का तो कापायचीच गोष्ट करते."

"नको जाऊ. मी आहे ना." नत्थूजींनी झाकण लावलेली डबी त्यांच्या हातात दिली आणि आपल्या मते कानात सांगितलं, "आतमंदी गोळी आहे. जिगरी म्हणून तुले दोन ठेवल्या."

मित्र उठून गेला तेव्हा नत्थूजींना जे समाधान झालं, ते त्यांना हंगामातला सगळ्यात मोठा सौदा करूनही झालं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि छानपैकी झोप काढली.

दुपारी डब्या परत यायला लागल्या. बाबारावांची सून काजल तुरीच्या दाण्यांच्या कचोऱ्या घेऊन आली. अरुंधतीताईंकडून आवळ्याचा मुरंबा आला. वामनरावांच्या वंदनाताई स्वतः मुगाचे लाडू घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात शामलाबाईंशी बराच वेळ हळू आवाजात बोलत बसल्या. नत्थूजींनी कचोऱ्या खाल्ल्या, लाडू खाल्ला, आणि आपली गल्ली किती मायाळू आहे याचा विचार करत मिशा पुसल्या.

चार वाजता भैरवी आली. नेहमीसारखी हात धुवायला आत गेली. आज हात धुवायला तिला जरा वेळ लागला. बाहेर आली ती थेट दिवाणासमोर खुर्ची घेऊन बसली.

"काका, आज चेहरा खुश दिसतोय."

"खुश राहणारच. आज मी पुण्य केलं." नत्थूजींनी स्वयंपाकघराकडं एक नजर टाकली आणि आवाज उतरवला, म्हणजे गल्लीच्या पलीकडं जाणार नाही इतका. "थे जालीम गोळी आहे ना, तिचा वानोळा देला तिघाले."

भैरवीनं शांतपणे विचारलं, "कोणाला?"

नत्थूजींनी नावं सांगितली. भैरवी खुर्चीवर पुढं सरकली.

"काका, ती गोळी अफूच्या घराण्यातली आहे."

"काय बोलते!"

"खरं सांगते. चांगल्या घराण्यातली आहे, कामाची आहे, म्हणून तर डॉक्टरांनी दिली. पण तुमचं वय, तुमचं वजन, तुमची किडनी, तुमची बाकीची औषधं, हे सगळं बघून त्यांनी तुमच्यासाठी ठरवली. दुसऱ्याला तीच गोळी महागात पडू शकते. एखाद्याला गरगरतं, झोप येते, आणि तो तसाच गाडी चालवायला बसतो. आणि जो आधीच झोपेची गोळी घेतो किंवा संध्याकाळी थोडी घेतो, त्यानं वर ही घेतली तर श्वास मंदावतो, काका. झोपलेला माणूस उठत नाही असंही होतं."

नत्थूजींच्या तोंडचं पाणी पळालं. झोपेची गोळी आणि संध्याकाळचे दोन घोट, हे दोन्ही नेम गल्लीत एकच माणूस पाळत होता. त्यालाच त्यांनी जिगरी म्हणून दोन दिल्या होत्या.

"वामन्या..." ते एवढंच म्हणाले. या वेळी मात्र आवाज खरोखरच फुटला नाही.

त्यांनी फोन उचलला. वामनरावांचा फोन वाजत राहिला. तो उचलला न जाणं नेहमीचंच होतं, कारण वामनराव फोन सदऱ्याच्या खिशात आणि सदरा खुंटीवर ठेवत. पण आज ती वाजणारी घंटा ऐकून नत्थूजींच्या कपाळाला घाम आला.

"तू जा ना बेटा पळत!"

"मी एकटी नाही जाणार," भैरवी वॉकर पुढं सरकवत म्हणाली. "वानोळा तुम्ही दिला, परतही तुम्हीच मागायचा. चला, मी सोबत आहे."

एरवी या मुलीच्या थंडपणावरून नत्थूजींना शंका आली असती. पण त्या वेळी त्यांना फक्त पोत्यांवर शेजारी झोपलेला वामन्या दिसत होता. ते उठले. उठताना ओरडायचं विसरले.

वारं होतं. ऊन कलतं होतं. नत्थूजी वॉकर टाकत फाटकाबाहेर पडले आणि आधी लागलं अरुंधतीताईंचं घर. ताई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या.

"ताई! थे गोळी घेतली का?"

"कोणती? चटणीवरची?" ताईंनी तांब्या खाली ठेवला. "नाही घेतली. ती आता माझ्याकडे नाहीही. पण माझी काळजी कशाला करता? बाबारावांचं बघा. ते स्कूटरवरून कुहीला निघालेत असं ऐकते."

"कुहीले! इतक्या दूर!" नत्थूजींनी वॉकर वळवला. ताईंनी पायात चपला सरकवल्या आणि त्याही मागून निघाल्या.

बाबारावांनी खरंच स्कूटर फाटकाबाहेर काढली होती आणि ते काच पुसत होते.

"बाबाराव! गोळी घेतली का गा?"

"घेतली ना! काजलनं पाण्यासंगं देली." बाबाराव उत्साहानं पुढं आले. "नत्थू, काय गोळी आहे बे! पाच मिनिटात कंबर लोणी! हे पाह्य." आणि ते कमरेत वाकून आपल्या बुटाला हात लावून दाखवू लागले.

नत्थूजींना तिथंच भोवळ यायची बाकी राहिली. भैरवीनं विचारलं, "काका, गरगरतंय का तुम्हाला?"

"गरगरून तर नाही राहिलं." बाबारावांनी विचार केला. "आता तुम्ही म्हणून राहिल्या तर थोडंसं गरगरून राहिलं बाप्पा. आणि हे डोळ्यासमोर... हो, थोडं पिवळं पिवळं पण दिसून राहिलं."

हे ऐकताच नत्थूजींनी एक हात वॉकरवरून काढला, स्कूटरची किल्ली उपटली आणि खिशात टाकली.

"आँ! हे काय करून राहिला? मले कुहीले धानाचा माल पाहायचा आहे!"

"धान पळून नाही जात. तू पळून जाशील वरती. काजल, बेटा, सासऱ्याले बसव, लक्ष ठेव!"

काजल दारात पदर तोंडाला लावून उभी होती. नत्थूजींना वाटलं, बिचारी घाबरली.

"बाबारावकाका, तुम्ही स्कूटरला हात लावू नका," भैरवी म्हणाली. "आणि नत्थूजीकाका, तुम्ही खालती बघून चला. वॉकर आधी, मग नवा पाय, मग जुना. छान."

पुढं वॉकर टाकत नत्थूजी, त्यांच्या कोपराशी भैरवी, मागून किल्ली मागत बाबाराव, त्यांच्यामागं अरुंधतीताई आणि तोंडावरचा पदर न काढता काजल, अशी ती वरात कोपऱ्याकडं निघाली. गच्च्यांवरून बायका बघायला लागल्या. एका घरातून कोणीतरी विचारलंही, "काय जी, कशाची मिरवणूक?" पण नत्थूजींना उत्तर द्यायला सवड नव्हती.

कोपऱ्यावरच्या घराच्या ओसरीत खाटेवर वामनराव उताणे पडले होते. तोंड उघडं. डोक्याला मफलर गुंडाळलेला. शेजारच्या स्टुलावर पेला, आणि पेल्याच्या तळाशी तपकिरी रंगाचं काहीतरी.

"वामन्या!" नत्थूजींनी फाटकातून हाक मारली. या हाकेला कळमन्यात दुसऱ्या टोकाचे हमाल वळून बघत असत. वामनराव हलले नाहीत.

नत्थूजींनी दुसरी हाक मारली. वामनरावांची पापणीसुद्धा हलली नाही.

मग जे झालं ते गल्लीनं बघितलं. नत्थूजींनी वॉकर फाटकाशी सोडला, भैरवीचा हात धरला, आणि ओसरीच्या पायऱ्या चढून ते खाटेशी पोचले. त्यांनी मित्राचे खांदे धरून गदगदा हलवले.

"ऊठ गा वामन्या! ऊठ ना बे! मी तुले काय देऊन बसलो! तुझ्यासंगं कोण बसन आता पारावर! वंदनावहिनीले मी काय तोंड दाखवू!"

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. भर बाजारात माल सडलेला निघाला तेव्हा हा माणूस हसत होता. मित्रासाठी मात्र तो सगळ्या गल्लीसमोर लहान मुलासारखा रडला, आणि बघणाऱ्यांपैकी कोणालाही त्याचं हसू आलं नाही. काजलचाही पदर तोंडावरून डोळ्यांवर गेला.

वामनरावांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मफलर वर सरकवून त्यांनी आधी एका कानातला कापसाचा बोळा काढला, मग दुसऱ्या कानातला.

"काय झालं बे? बाजार जळला का? काहून गदगदा हलवून राहिला?"

नत्थूजींनी त्यांना मिठी मारली. वामनरावांना ती सोडवून घ्यायला बराच वेळ लागला.

"थे गोळ्या घेतल्या का तू?" नत्थूजींनी विचारलं. "आणि यात काय आहे?"

"यात कोरा चहा होता. आणि गोळ्या कोणी घेऊ देईल तर ना! घरात पाय ठेवला आणि वंदनानं डबीच हिसकली. मी म्हटलं, अवं, नत्थूनं देली आहे. तर म्हणते, म्हणूनच."

वंदनाताई आतून हात पुसत आल्या.

"भाऊजी, तुमच्या गोळ्या दुपारीच मुगाच्या लाडवाखाली ठेवून परत केल्या. वहिनीची डबी रिकामी कशी धाडू?"

"माझीही मुरंब्याबरोबर गेली," अरुंधतीताई म्हणाल्या. "वेगळ्या कागदात गुंडाळून. तिला पाक लागू दिला नाही."

"आमची कचोऱ्यांसंगं," काजल म्हणाली.

बाबाराव गोंधळून सुनेकडं बघू लागले. "मंग मी काय खाल्लं?"

"पुदिन्याची गोळी, बाबा. शामलाकाकूचा फोन तुमच्या आधी घरी पोचला होता."

बाबारावांनी कमरेला हात लावून बघितला. "मंग कंबर कशानं थांबली?" आणि जरा थांबून, हळूच, "कोणत्या कंपनीची होती वं थे?"

नत्थूजींनी किल्ली त्यांच्या हातात दिली. वामनराव मात्र अजून एकाच गोष्टीकडं बघत होते.

"नत्थू, थे सगळं सोड. तू इथपर्यंत आला कसा बे?"

सगळ्यांनी फाटकाकडं बघितलं. वॉकर तिथं एकटाच उभा होता. नत्थूजींनी गल्लीकडं बघितलं, आपल्या घराकडं बघितलं, ते इथून केवढंसं दिसत होतं. मग त्यांनी भैरवीकडं बघितलं. भैरवी म्हणाली, "काका, हाच कोपरा मी रोज सांगत होते."

घरी परतताना नत्थूजी वॉकर धरून शहाण्या मुलासारखे चालले. शामलाबाई फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला दिवाणावर बसवलं, पायाखाली उशी दिली, बर्फाची पिशवी ठेवली, आणि मग कमरेची किल्ली काढून कपाटातून पट्टी आणली. पट्टीचा उरलेला तुकडा आणि कापलेले चौकोन, सगळे एका रबरात बांधलेले होते.

"तुले कवा समजलं?" नत्थूजींनी विचारलं.

"अरुंधतीताईच्या कानात सांगितलं तवाच. तुमचं कानात सांगणं मले चुलीपाशी ऐकू येते, आणि चुलीवर चहा उकळून राहिला असला तरी येते."

"मंग तवाच हात काहून नाही धरला?"

"तुमचा हात धरून आजवर कोणता वानोळा थांबला? फिनेल थांबलं होतं का? पाहुण्यासमोर तुमाले बोलली असती, तर तुम्ही उद्या खिडकीतून देली असती. म्हणून फोन केले. गोळ्या घरी आल्या, तवा माझा जीव खाली आला. मंग भैरवी म्हणे, काकू, आता काकाले कोपऱ्यापर्यंत नेऊ का?"

"म्हणजे तुम्ही दोघी मिळून मले..." नत्थूजींना राग आणायचा होता, पण तो काही केल्या येईना. "माझा जीव चालला होता वं शामला. मले वाटलं वामन्या गेला."

शामलाबाई त्यांच्याजवळ बसल्या. त्यांचाही आवाज आता बारीक झाला होता.

"म्हणूनच जाऊ देलं. मी हजारदा सांगितलं असतं, तर तुम्ही 'समजलं, एकदम समजलं' म्हटलं असतं. आणि हे चौकोन पाहा. कापाकापी केली तर गोळीचं नाव एका तुकड्यावर आणि तारीख दुसऱ्यावर. उद्या कोणाच्या खणात सापडली, तर ही कायची गोळी हे त्याले कोण सांगन?"

डॉक्टरांचं ते बोलणं चाललं होतं तेव्हा नत्थूजी फोनवर भांडत होते. या बाईनं मात्र ते पदराला बांधून घरी आणलं, गल्लीतली एकेक गोळी वेचली, कोणाचा पाणउतारा केला नाही, आणि वर नवऱ्याला चालवून दाखवलं. कळमन्यात एवढे हुशार व्यापारी बघितले, पण असा हिशेबी आणि प्रेमळ माणूस आपल्याच घरात चहा करतोय, हे आपल्याला इतक्या उशिरा कळावं, याची त्यांना लाज वाटली. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

"शामला, तू डॉक्टरपेक्षा भारी आहेस."

"डॉक्टरनं सांगितलं तेच केलं मी. भारी तोच आहे."

जेवण झालं आणि कोपऱ्यापर्यंतच्या चालण्याचं दुखणं गुडघ्यात उतरलं. साध्या गोळीनं ते हटेना. शामलाबाईंनी पट्टीतली गोळी काढली, पण नत्थूजींनी हात मागं घेतला.

"नको वं. मले आता भेव वाटते तिचं."

"भ्याचं काय काम? तिनं तुमचं काय बिघडवलं? तुम्हीच तिले घरोघरी फिरवलं." त्यांनी पाण्याचा पेला पुढं केला. "ज्याची त्यानं, सांगितली तेवढी, सांगितली तवा. दुखणं सोसून कोणी हार घालत नाही. आणि उद्या परत कोपऱ्यापर्यंत जायचं आहे."

नत्थूजींनी गोळी घेतली. पट्टी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं, किल्ली कमरेला गेली.

काही आठवड्यांनी साध्या गोळीवर भागायला लागलं, आणि उरलेल्या गोळ्या परत करायला नत्थूजी नुसती काठी घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर गौरांग यांनी गोळ्या ताब्यात घेतल्या, आणि इतक्या नीट आठवणीनं परत आणणारा पेशंट बघून त्यांना खरोखर कौतुक वाटलं.

"शाब्बास, नत्थूजी. आणि या पिशवीत काय?"

"संत्री आहे साहेब. आमच्याकडं रिकामं भांडं परत नाही करत." नत्थूजींनी पिशवी टेबलावर ठेवली आणि दाराकडं वळून बघितलं. "आणि हा दुसरा वानोळा. ये गा वामन्या, आत ये. लाजून नको राहू."

मफलर गुंडाळलेले वामनराव दारातून कसेबसे आत आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले.

"याचे दोन्ही गुडघे पाहा साहेब. मी याले माझी गोळी देऊन राहिलो होतो. मंग समजलं, गोळी नाही, डॉक्टर द्यायचा असते."

डॉक्टर हसले आणि त्यांनी वामनरावांना विचारलं, "झोपेची गोळी वगैरे काही चालू आहे? संध्याकाळी थोडी घेता का?"

वामनरावांनी नजर चुकवली. "तसं काही नाही साहेब. कधीमधी."

नत्थूजी डॉक्टरांच्या कानाशी वाकले आणि आपल्या मते अगदी हळू आवाजात त्यांनी वामनरावांची झोपेची गोळी, संध्याकाळचे घोट, ते कुठल्या कपाटात कशामागं ठेवतात, आणि वंदनाताईंना काय सांगतात, हे सगळं तपशीलवार सांगितलं. बाहेर बाकावर बसलेल्या वंदनाताईंनी ते नीट ऐकून घेतलं, आणि शेजारी बसलेल्या शामलाबाईंनी त्यांच्या हातात सोललेल्या संत्र्याची एक फोड ठेवली.